पलंगाला बांधलेली बॅग

नावन, आयर्लंड, ६ मे

श्री. पद्माकर दातार यांस,

वर 'सप्रेम' लिहिलेलं नाही, हे लक्षात आलं असेलच. नसेल तर चष्मा लावून परत बघा.

पत्र आलं म्हणजे अबोला सुटला असा अर्थ काढू नका. अबोला बोलण्याचा असतो, लिहिण्याचा नसतो. जो आधी बोलेल त्याने आठवडाभर सकाळचा चहा करायचा, हा आपल्या घरातला नियम तुम्हीच केलेला आहे, आणि मी अजून बोललेले नाही. केतकी मधूनच तुम्हाला फोन लावून माझ्या कानाशी आणते. मी सरळ बाथरूममध्ये जाऊन कडी लावून घेते.

शेजारच्या शर्वाणीने फोनवर सांगितलं की खालच्या मजल्यावर सगळ्यांना तुम्ही सांगत फिरता, 'मेधा नातीसाठी गेली आहे.' वा! म्हणजे माझं म्हणणं कागदावर असलेलं बरं. लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता. तुम्ही म्हणालात, 'बॅग भर, सरप्राइज आहे.' मी चंदेरी साडी घेतली, पार्लरला जाऊन आले, अख्ख्या सोसायटीला सांगितलं की आम्ही हॉटेलात जातोय. आणि नेलंत कुठे? जंक्शनच्या रिटायरिंग रूममध्ये! वर छाती काढून म्हणता काय, 'एसी आहे, गीझर आहे, खिडकीतून तिन्ही फलाट दिसतात. रेल्वेवाल्याने हॉटेलात उतरायचं म्हणजे हलवायाने दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणायचे.' रात्रभर ती लाऊडस्पीकरवरची बाई माझ्या उशाशी सांगत होती, कुठली गाडी किती उशिरा आहे आणि त्याबद्दल ते दिलगीर आहेत. ती निदान दिलगीर तरी होती!

रुसून जायला बाईला एक घर लागतं. माझे आई-बाबा गेले, दादाने फ्लॅट विकला, माहेर असं उरलंच नाही. म्हणून लेकीकडे आले. रुसून गेलेल्या बायकोला नवऱ्याने न्यायला यायचं असतं, हे तुमच्याही कानावर असेल. पण जिथे रूळ जात नाहीत तिथे तुम्ही जात नाही. केतकीने तुमचा पासपोर्ट काढून किती वर्षं झाली, कोरा पडलाय बिचारा. 'सिग्नल नाही, गार्ड नाही, असल्या वाहनात मी बसणार नाही.' नका बसू. मला काय!

मी इथे मजेत आहे. केतकीला हॉस्पिटलातून सलग सुट्टी मिळाली, जावईबापूंनी गाडी काढली आणि आम्ही पार पश्चिमेला समुद्राकाठी रॉसडुआन म्हणून एक गाव आहे तिथे गेलो. तिथे मी हॉटेलात राहिले. हॉटेलात! जिना असा की वरून वरात उतरावी. बाथटबला सिंहाचे पाय. पलंग एवढा उंच की चढायला लाकडी पायरी ठेवली आहे, आणि रेवाला त्यावर उड्या मारायला मीच परवानगी दिली. नाश्त्याला एवढे काटे-चमचे मांडले होते की मी कंटाळून टोस्ट सरळ हाताने मोडून अंड्यात बुडवून खाल्ला. शेजारच्या टेबलावरची आजी बघत होती. मग तिनेही सॉसेज हाताने उचललं आणि मला डोळा मारला. रेवा म्हणते, 'आजी, दॅट वॉज ग्रेट क्रॅक!' क्रॅक म्हणजे इथे धमाल.

मागच्या बागेत एक जुना फलाट आहे आणि रुळांचा एक तुकडा, त्याच्या कडेने गुलाब लावलेत. पण ते सोडा, तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माझी बॅग तिथेच राहिली आहे. का, ते विचारू नका.

मेधा

ता.क. बीपीच्या गोळ्या देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये आहेत. माहिती म्हणून लिहिलं, काळजी म्हणून नाही.


नावन, ४ जून

श्री. दातार यांस,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, तार! तीन आठवडे वाट बघून पाकीट फोडलं तर आत दोन शब्द. 'गेज किती?'

मेधा कशी आहे? नाही. नात कशी आहे? नाही. गोळ्या सापडल्या? तेही नाही. गेज किती! केतकी हसून हसून किचनच्या फरशीवर बसली. मला अजिबात हसू आलं नाही. नंतर भांडी घासताना आलं, पण तेव्हा कोणी बघत नव्हतं.

आता माझी कमाल ऐका. जूनच्या सुट्टीत आम्ही परत रॉसडुआनला गेलो होतो. मी केतकीच्या शिवणाच्या डब्यातली टेप नेली होती. ओल्या गवतात गुडघे टेकले, एक टोक रेवाच्या हातात दिलं. ती कुजबुजतेय, 'आजी, पीपल आर लुकिंग.' म्हटलं, बघू देत, आपण काय चोरी करतोय? एक गृहस्थ कुत्रा फिरवत आले, म्हणाले, काही हरवलंय का? रेवाने सांगितलं की हिचे मिस्टर इंडियात आहेत आणि त्यांना रुळांची रुंदी हवी आहे. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, 'फेअर प्ले टू हिम.' तुमचं कौतुक होतं की माझं, मला कळलं नाही. पाच फूट तीन इंच. आतल्या बाजूने मोजलंय, तुम्हीच शिकवलं होतं तसं.

साडीला गुडघ्यापाशी हिरवे डाग पडले आहेत, ते तुमच्या नावावर.

आता ते बॅगेचं. सांगणार नव्हते, पण त्यात तुमची गरज लागते आहे, म्हणून सांगते. मे महिन्यात पहिल्यांदा त्या खोलीत शिरले आणि माझे हात आपोआप चालायला लागले. चाळीस वर्षं तुमच्याबरोबर प्रवास केलेल्या बाईचं दुसरं काय होणार? बॅग पलंगाखाली सरकवली, बाहेरच्या कप्प्यातून साखळी काढली, हँडलमधून घेतली, पलंगाच्या पायाला वेढा दिला आणि कुलूप दाबलं. कट्ट! तो आवाज झाला आणि मला आठवलं, किल्ली तुमच्या जुडग्यात आहे. पुण्यात.

म्हणजे बघा, समोर झुंबर, खाली गालिचा, आणि मी बॅग अशी बांधून ठेवली, जशी काही भुसावळला कोणी उचलून नेणार आहे. केतकीने कपाळावर हात मारून घेतला. साखळी बॅगेच्या हँडलला, त्यामुळे बॅग उघडली तरी; कपडे-बिपडे काढून पिशव्यांत भरून आणले. रिकामी बॅग मात्र पलंगाला. पलंग हलवावा म्हटलं तर तो त्या खोलीतच बांधलेला, शिसवासारखं जड लाकूड. चौघांनी हात लावला आणि चौघांनीही 'जीझस' म्हणून सोडून दिला.

तिथे डेक्लन नावाचा एक दरवान आहे, माझ्याच वयाचा. रेवा त्याला 'युअर मॅन' म्हणते, इथे कोणालाही तसंच म्हणतात. तो साखळी कापायची मोठी कात्री घेऊन आला. मी पलंगासमोर उभी राहिले आणि म्हटलं, 'नो कटिंग.' मॅनेजर नोरीनबाई आल्या, केतकीने मला मराठीतून चार शब्द सुनावले, तरी मी हलले नाही. या वेळीही तेच. लोकांना लग्नानंतर नवऱ्याकडून पाटल्या मिळतात. मला पहिल्या प्रवासाला साखळी-कुलूप मिळालं. 'टिकाऊ आहे,' म्हणाला होतात. निघाली खरी टिकाऊ. चांगली वस्तू उगाच कापायची नाही, एवढंच कारण आहे, भलतं काही मनात आणू नका.

तरी किल्ली पोस्टाने पाठवावी. रजिस्टर करून.

मेधा


नावन, ३० जून

श्री. दातार,

या वेळी तीन वाक्यं! प्रगती आहे. 'आपल्यापेक्षा तीन इंच कमी. हॉटेलमागे फलाट कशाला? मालक कोण?' किल्लीचं अक्षर नाही. पाकीट उलटं करून झटकलं, आत काही नव्हतं.

मालक कोण ते नोरीनबाईंनी सांगितलं, जिन्याखालच्या तसबिरीपुढे उभं राहून. सर ऑगस्टस पर्डन. कल्ले असे की त्यांत चिमणीने घरटं करावं. आधी घोडागाड्यांचा धंदा, मग शेअर, मग स्वतःची रेल्वे. याने हट्टाने रॉसडुआनपर्यंत रूळ घातले. तिथे तेव्हा होतं काय? समुद्र आणि मेंढ्या. पहिली गाडी बँडबाजा वाजवत भरून आली, दुसरी रिकामी. डब्लिनच्या क्लबात लोक त्याला विचारायचे, मेंढ्यांना तिकीट अर्धं का पूर्ण? तो काय मागे फिरणारा माणूस! प्रवाशांना यायला कारण नाही म्हणता, मी कारणच बांधतो, म्हणाला, आणि शेवटच्या स्टेशनाला लागून हा महाल उभा केला. फलाटापासून हॉटेलच्या दारापर्यंत काचेचं छप्पर घातलं, कारण पावसात बायकांच्या झग्यांचे घोळ भिजता कामा नयेत. वळणावर गाडीची शिटी ऐकू आली की आत मोठी घंटा वाजायची आणि सूप वाढायला घ्यायचे. गाडीतून उतरलेल्या माणसाने खुर्चीत बसायचं तो सूप समोर, वाफाळतं. काही लोक म्हणतात त्याने हे नफ्यासाठी केलं. नोरीनबाई म्हणतात बायकोसाठी. ती म्हणाली होती, जिथे धड बिछाना नाही तिथे मी गाडीने येणार नाही. मी नोरीनबाईंच्या बाजूने आहे.

आता एक गोष्ट कबूल करते, एकदाच. हे मला मेमध्येच कळलं होतं, पण पहिल्या पत्रात मी गिळलं. हे हॉटेल रेल्वेचं होतं. रेल्वेने रेल्वेच्या प्रवाशांसाठी स्टेशनावर बांधलेल्या खोल्या. म्हणजे काय झालं? रिटायरिंग रूमच झाली! मी इतके दिवस रिटायरिंग रूमचेच गोडवे गातेय. हसा, पोटभर हसा, शर्वाणीलाही बोलावून सांगा.

हसून झालं? मग पुढचं वाचा. तुमचं चुकलं ते रेल्वेच्या खोलीत नेलंत म्हणून नाही. पर्डनने आधी विचार केला की गाडीतून उतरलेल्या बाईला काय हवं असेल. तुम्ही मला खिडकीशी नेलंत आणि फलाट दाखवलेत, आणि मी चंदेरी नेसले होते ते तुम्हाला दिसलंच नाही. मला तेवढंच लागलं होतं. एसी चांगला होता.

गाडी बंद होऊन जमाना झाला. रूळ उखडून त्या जागी आता चालायची, सायकलची वाट केली आहे, मैलोन् मैल, बागेतला तुकडा तेवढा आठवण म्हणून ठेवलाय. पण डेक्लन अजूनही संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला मोठी छत्री घेऊन फलाटावर जाऊन उभा राहतो. त्याचे वडील जायचे, आजोबा जायचे. मी विचारलं, 'गाडी येत नाही, मग कशाला?' म्हणाला, 'पाऊस तर येतो ना.' थोडा वेळ थांबतो आणि परत येऊन घंटा वाजवतो, मगच जेवण. मला हे फार आवडलं. तुम्हालाही आवडलं असतं, म्हणून लिहिलं.

किल्ली पाठवा.

मेधा

ता.क. रेवा विचारते, आजोबा शिटी खरंच गार्डसारखी वाजवतात का? मी हो सांगितलं.


नावन, २६ जुलै

अहो दातार,

हे काय उत्तर झालं? 'किल्ली पोस्टाने पाठवण्याची वस्तू नाही. एकेरी मार्गावर टोकन ड्रायव्हरला हातोहात द्यावे लागते. किल्लीचेही तसेच.' मी बॅगेचं विचारते आणि तुम्ही मला रेल्वेचे नियम शिकवता! टोकन हातात मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, हे माहीत आहे मला, लग्न झाल्यापासून ऐकतेय. पण मी काय ड्रायव्हर आहे? नसेल पाठवायची तर नाही म्हणा सरळ, मला राग आला तो आला.

तिकडे आता फार ताणता येणार नाही. नोरीनबाईंचा फोन होता. मोठ्या गोड बोलतात. म्हणे बॅग अगदी ग्रँड आहे, तिचा काहीच त्रास नाही, पाहुण्यांना आवडते, एका जर्मन जोडप्याने तर तिच्याबरोबर फोटो काढला. पण २३ ऑगस्टला हॉटेलात लग्न आहे आणि नवरीला नेमकी तीच खोली हवी आहे. नव्या नवरीच्या पलंगाला परक्या बाईची बॅग कशी चालेल? बरोबरच आहे त्यांचं. त्याआधी किल्ली आली तर ठीक, नाहीतर डेक्लनची कात्री. केतकी म्हणते, 'आई, असल्या दहा साखळ्या घेऊन देते तुला.' तिला काय सांगणार! ती साखळी आपल्याबरोबर मनमाडला होती, रामेश्वरला होती, केतकी पोटात असताना मी तिच्यावर डोकं ठेवून झोपले होते आणि गालावर कड्या उमटल्या होत्या. तुम्ही घरी येईपर्यंत हसत होतात.

केतकीचंही काही कळत नाही हल्ली. मध्येच विचारते, तुमच्या लग्नाचं सर्टिफिकेट कुठे आहे? म्हटलं, माझा घटस्फोट करून देतेस की काय? हसली आणि वर जाऊन कोणाशी तरी दार लावून बोलत बसली. जावयाचं काही बिनसलंय का कोण जाणे, तो तर बिचारा रोज ब्लँचर्डस्टाउनहून, कामावरून येऊन गुपचूप भांडी लावतो.

एक सांगू? इथे सगळं आहे. मुलं चांगली आहेत, घर ऊबदार आहे, रेवा माझ्या हातचा वरणभात मिटक्या मारत खाते. ती कपाटाला प्रेस म्हणते. त्या प्रेसमधून रोज सकाळी माझा हात दोन कप काढतो. मग एक परत ठेवते. तुमची आठवण येते असं मी म्हणत नाही. कपाचं सांगितलं.

मेधा


नावन, १४ ऑगस्ट

अहो,

शर्वाणीचा फोन आला होता. म्हणते घराला कुलूप आहे, पेपर बंद केलात, कढीलिंबाची कुंडी तिच्याकडे देऊन गेलात आणि कुठे चाललात ते सांगितलं नाही. 'काका इस्त्रीचे कपडे घालून रिक्षात बसले,' एवढंच तिला माहीत.

कुठे आहात तुम्ही? पास काढून त्या रिटायर्ड टोळक्याबरोबर कन्याकुमारीला गेला असाल तर बरंच आहे, निदान चौघांत असाल. फोन करायला मी हातात घेतला होता. खरंच घेतला होता, चहाची पर्वा न करता. तुमचा बंद लागला. केतकीला विचारलं तर म्हणते, 'बाबा लहान आहेत का?' आणि गाजर किसत बसली. मुलगी आहे का दगड!

हे पत्र बंद दाराआत पडणार हे मला कळतंय. तरी लिहिते. मला काळजी वाटते. लिहिलं एकदाचं. वाटते.

किल्ली नको, काही नको. येत्या गुरुवारी आम्ही रॉसडुआनला जातोय, साखळी कापायला मी हो म्हटलं आहे. तुम्ही धड असाल तर साखळीचं काही नाही.

गोळ्या बरोबर घेतल्यात ना?

तुमची मेधा


रॉसडुआन, २१ ऑगस्ट
संध्याकाळ, हॉटेलच्या जेवणघरात

समोर बसलेल्या श्री. पद्माकर दातार यांस,

असे माझ्या तोंडाकडे बघू नका, लिहिताना अक्षर बिघडतं. हे झाल्यावर टेबलावरून तुमच्याकडे सरकवते, तोवर तुम्ही पाव खा. लोणी त्या वाटीत आहे.

तुम्हाला तुमच्या बाजूचं माहीत आहे, माझ्या बाजूचं नाही, म्हणून लिहिते.

डेक्लन कात्री घेऊन वर निघाला होता. मी म्हटलं, आधी तुझी छत्रीची वेळ होऊ दे, मग काप. खरं तर मला ते बघायचंच नव्हतं. म्हणून मीही त्याच्या मागे फलाटावर गेले. रेवा चिप्स खात होती. केतकी आणि जावईबापू मागे उभे होते आणि उगाच आभाळाकडे बघत होते. भुरभुर पाऊस होता. डेक्लनने छत्री उघडली.

वळणावर एक माणूस दिसला. वाटेच्या कडेने नाही, बरोबर मधून चालत होता. अंगात रेनकोट, डोक्याला कानटोपी, ऑगस्टमध्ये! दर थोड्या अंतरावर थांबायचा, वाकून जमिनीकडे बघायचा, बुटाने माती उकरायचा आणि परत चालायला लागायचा. आयर्लंडमध्ये कोणी असं चालत नाही हो. अख्ख्या जगात एकच माणूस रूळ नसलेल्या वाटेची तपासणी करत चालतो. रेवा ओरडली, 'इज दॅट आजोबा?' मी मागे वळून केतकीकडे बघितलं तर ती रडत होती आणि हसत होती. तिला नंतर बघते. व्हिसाला लग्नाचं सर्टिफिकेट लागतं, हे मला कोणी सांगितलं असतं तर माझा एवढा जीव टांगणीला लागला नसता.

विमानात बसलात. तुम्ही! जावईबापूंनी आत्ता कानात सांगितलं, तुम्हीच त्यांना कबूल केलंत म्हणे, की उडताना डोळे गच्च मिटून तोंडातल्या तोंडात गार्डची शिटी वाजवत होतात आणि शेजारच्या बाईने तुमचा हात धरला. गेला आठवडाभर डब्लिनला जावयाच्या मित्राकडे लपला होतात म्हणे. आज पुढचं सगळं आगगाडीने, मग बसने, आणि शेवटचे काही मैल पायी, कारण रॉसडुआनला गाडीच्या वाटेनेच यायचं. पाय दुखत असतील. खोलीत गेल्यावर तेल लावते.

तुम्ही फलाटावर चढलात, तिथल्या जुन्या घड्याळाखाली उभे राहिलात, पिशवी खाली ठेवलीत आणि माझ्याकडे बघेनात. मला वाटलं, आला म्हातारा आणि आता हट्टाने उभा राहणार. मीही ओठ घट्ट मिटून घेतले होते. सांगते खरं ते, बोलायला गेले असते तर नुसतं रडूच आलं असतं. मग तुम्ही कानटोपी काढलीत, तोंडापुढे हाताचा कर्णा केलात आणि त्या समुद्राला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालात:

'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पुण्याहून येणारी पद्माकर दातार ही गाडी चाळीस वर्षे उशिराने फलाट क्रमांक एकवर येत आहे. मेधाताईंना झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

आणि थांबून, खालच्या आवाजात: 'चंदेरी साडी दिसली होती. सांगायचं राहून गेलं.'

डेक्लनला त्यातलं अक्षर कळलं नसेल, पण त्याने टोपी काढली. मग छत्री तुमच्या डोक्यावर धरली, स्वतः भिजला, आणि काचेच्या छपराखालून तुम्हाला दारापर्यंत घेऊन आला. नोरीनबाई म्हणाल्या, त्याच्या वडिलांच्या वेळेनंतर या फलाटावर उतरलेला पहिला प्रवासी. आज त्याने घंटा एवढी बडवली की वरच्या मजल्यावरचे लोक आग लागली म्हणून खाली आले.

दारात तुम्ही खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवलीत. तेव्हा मला ते टोकनचं कळलं. जुलैत कळलं नाही, त्याबद्दल मला चार शब्द ऐकवायचा तुम्हाला हक्क आहे. कुलूप मी स्वतः उघडलं. साखळी तुमच्या पिशवीत ठेवली आहे, वरच्या कप्प्यात, आणि किल्ली आता माझ्या जुडग्यात राहील. नवरीचा पलंग मोकळा झाला. सुखात राहो बिचारी.

आता नियमाचं. घोषणा म्हणजे बोलणं नव्हे, ती सगळ्या प्रवाशांसाठी असते, हा तुमचा युक्तिवाद मी आत्ताच तुमच्या चेहऱ्यावर वाचला. मान्य. आणि साडीचं तुम्ही बोललात ते कोणाकडेही न बघता, तेव्हा तेही घोषणेतच धरते. माझी पत्रं मी बोलण्यात धरत नाही, मग तुमची घोषणा कशी धरू? म्हणजे अजून दोघांपैकी कोणीच हरलेलं नाही.

आपली खोली वरच्या मजल्यावर आहे. दोन रिकाम्या होत्या. एकीतून समुद्र दिसतो आणि एकीतून फलाट. मी फलाटाची घेतली. वर गेल्यावर मला खिडकीशी नेऊन दाखवा, सगळं, सिग्नल कुठे असेल, पाणी कुठे भरत असतील, सगळं. मी चंदेरी आणली आहे, ती नेसते.

वाढपी सूप घेऊन निघालाय, वाफ दिसते आहे. पेन खाली ठेवते. वाचून झालं की मान वर करा. पुढचा आठवडाभर सकाळचा चहा मी करीन, कारण आता मी बोलणार आहे.

मेधा